तेरवीला हसलेले दादा

चेरीताल, जबलपूर
२२ जुलै २०२४

अमिताताई,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे तुम्ही ओळखाल आणि कदाचित न फोडताच बाजूला ठेवाल. ठेवलंत तरी मला वाईट वाटून घ्यायचा हक्क नाही. फोन तुम्ही उचलत नाही. उचलला असता तरी मला कुठं धड बोलता येते? मोबाइल कानाला लावला की तुमचे दादा येऊन ओढून घेतात, आणि "कौन है? कौन है?" करत समोरच्याला काहीबाही सुनावतात. म्हणून शाळेतल्यासारखं फुलस्केप घेऊन बसले आहे. निवृत्त मास्तरीण आणखी काय करणार!

काम एकच आहे. सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. पटेरिया म्हणून मेंदूचे डॉक्टर आहेत. आमच्या गंधारनं पुण्यात बसून त्यांचं नाव शोधलं. त्यांच्याकडे तुमच्या दादांची थोडी तपासणी चालू आहे. घाबरण्यासारखं काही नाही, स्मरणशक्ती चांगली आहे. फक्त डॉक्टरांना घराबाहेरच्या, पण यांना लहानपणापासून ओळखणाऱ्या एका माणसाशी बोलायचं आहे. बहिणीचा नंबर मागत होते. तुम्हाला विचारल्याशिवाय मी दिला नाही. त्यांचा नंबर खाली लिहिला आहे, दुपारी दोन ते चार ते बोलतात.

शालिग्रामजींच्या तेरवीबद्दल कदाचित विचारतील. जमेल तेवढंच सांगा.

तुमच्या दुर्वाला आशीर्वाद.

इंदिरा


चेरीताल
१९ ऑगस्ट २०२४

अमिताताई,

उत्तर आलं नाही. बरोबरच आहे, कारण त्या पत्रात निम्मं खोटं होतं. "थोडी तपासणी", "घाबरण्यासारखं काही नाही" असं लिहून मी तुम्हाला पुन्हा एकदा परकं केलं. आज खरं लिहिते. तुम्हाला माहीत असलेलंही लिहिणार आहे, कारण ते मला एकदा स्वतःच्या अक्षरात वाचायचं आहे.

फेब्रुवारी २०२२. शालिग्रामजींना जाऊन तेरा दिवस झालेले. दोन वर्षं डायलिसिसच्या चकरा मारून तुम्ही अर्ध्या झाला होतात. पंगत बसली होती. तुमचे दादा शेजारच्याच्या पानातली बुंदी उचलून खात होते. गुरुजी बोलत असताना हे हसले, तेही मोठ्यानं. तुम्ही वाढायला आलात तर सगळ्या सासरच्यांसमोर म्हणाले, "चल, सुटलीस तू. रोजचं हॉस्पिटल संपलं तुझं. बुंदी आहे का अजून?"

तुम्ही भांडं खाली ठेवलंत आणि आत गेलात. मी यांना हाताला धरून उठवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं घेऊन आले.

आणि हे तेच, ज्यांना चेरीतालात कोणाकडे मौत झाली की पहिला फोन जायचा. लाकडापासून ग्वारीघाटावरच्या दहनापर्यंत सगळं पाहायचे, आणि नंतर दहा दिवस रोज त्या घरी जाऊन नुसते बसायचे. बोलायचे नाहीत. म्हणायचे, "बोलून काय होते? कोणी बसलं पाहिजे."

महिन्याभरानं तुमचा फोन आला. रडला नाहीत, भांडला नाहीत. तुम्ही म्हणालात, "वहिनी, हा माझा दादा नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी बिघडून राहिलं आहे. डॉक्टरला दाखवा."

मी काय म्हणाले ते तुम्ही विसरला नसाल. मीही नाही. "नवरा तुमचा गेला आणि डोकं तुमचंच फिरलं आहे. माझ्या नवऱ्याला काहून वेडा ठरवता?"

त्यानंतर अडीच वर्षं आपण बोललो नाही.

खरं तर मी त्यांना नंतर गुपचूप एका डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारले. यांनी सगळं फाडफाड सांगितलं. तीसपैकी अठ्ठावीस! डॉक्टर म्हणाले, "इनकी याददाश्त तो मुझसे अच्छी है. रिटायरमेंट की उदासी है." मी आनंदानं घरी आले, आणि तुमच्यावर आणखी चिडले. पाहा, माझा नवरा ठीक आहे.

मग गेल्या हिवाळ्यात भेडाघाटला गेलो, गंधारच्या सासरचे पाहुणे घेऊन. तिथल्या दुकानात यांनी संगमरवरी हत्ती उचलला, खिशात घातला आणि चालू लागले. दुकानदारानं धरलं. हे शांतपणे हत्ती काढून देतात आणि म्हणतात, "अच्छा, तुमको चाहिए?" बत्तीस वर्षं फॅक्टरीत तपासणीला होते. सुताएवढा फरक असलेला भाग कधी पुढे जाऊ दिला नाही. विहिणीसमोर मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. घरी आल्यावर, अमिताताई, मी त्यांना थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी गाल चोळला आणि विचारलं, "जेवायला काय आहे?"

त्यानंतर दुसरे डॉक्टर झाले. डोक्याचा सीटी स्कॅन काढला, रिपोर्टात "वयानुसार बदल" एवढंच. त्यांनी अल्झायमर असेल म्हणून स्मरणशक्तीच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी हे जास्तच पेटले. दिवसभर अंगणात फेऱ्या, कोणी फाटकाशी आलं की आरडाओरडा.

डॉ. पटेरियांनी पहिल्याच दिवशी दोन तास ऐकून घेतलं. मग त्यांच्याकडच्या शर्मिला मॅडमनी तीन दिवस परीक्षा घेतल्या. मी कोपऱ्यात बसले होते. बोलायचं नाही अशी ताकीद होती. पंधरा शब्दांची यादी यांनी अर्ध्या तासानंतरही बऱ्यापैकी सांगितली. घड्याळ काढलं, काटे बरोबर. मी मनात म्हटलं, हे पण पास होणार. मग मॅडम म्हणाल्या, "एक मिनट में 'प' से जितने शब्द आएँ, बोलिए." पानी, पान, पपीता. झालं. पुढचा सगळा वेळ पंख्याकडे पाहत बसले. मग सांगितलं, मी टेबलावर एकदा टकटक केलं तर तुम्ही दोनदा करायचं, मी दोनदा केलं तर तुम्ही काहीच करायचं नाही. यांना नियम समजला, तोंडानं परत सांगितलाही. पण हात थांबेना. मॅडमनी दोनदा केलं की हेही दोनदा. दर वेळी.

शेवटी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. या बाईला काय वाटून राहिलं असेल, ते सांगायचं. एक बाई ढसढसा रडत होती. यांनी नीट पाहून सांगितलं, "इसके दाँत खराब हैं."

मॅडमनी मला बाहेर नेऊन पाणी दिलं. म्हणाल्या, विसरणं हा एकच प्रकार नसतो. काही आजारांत आठवणी शाबूत राहतात, दुसऱ्याचं दुःख ओळखणारी जागाच आधी जाते. पण नुसत्या परीक्षेवरून नाव देता येत नाही. एमआरआय पाहिजे, आणि हे कधी सुरू झालं ते सांगणारा माणूस पाहिजे. "आप तो रोज़ साथ रहती हैं. रोज़ देखने वाले को फ़र्क देर से दिखता है."

पहिल्यांदा फरक कोणाला दिसला, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. कधी, असं विचारलं. मी तेरवीची तारीख सांगितली. त्याआधी काही? मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल.

मला एक गोष्ट आतून पोखरून राहिली आहे. हा माणूस असाच होता का? चाळीस वर्षांचा चांगुलपणा अंगावरचं कापड होतं आणि म्हातारपणी ते गळून पडलं? मी कोणाशी संसार केला? याचं उत्तर तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही, आणि तुम्हाला विचारायचं तोंड मला नाही. तरी विचारते.

इंदिरा


चेरीताल
१२ सप्टेंबर २०२४

अमिताताई,

काल डॉक्टरांनी सांगितलं, "आपकी ननद का फ़ोन आया था. पैंतालीस मिनट बात हुई." मी त्यांना तेच वाक्य पुन्हा सांगायला लावलं.

सगळं त्यांनी सांगितलं नाही. जेवढं सांगितलं त्यात माझं डोकं दोनदा खाली गेलं. तेरवीच्या आदल्या वर्षीच्या राखीला तुम्ही इथं आला होतात, तेव्हा दादांनी राखी बांधून घेतली, पेढ्याचा डबा उचलला आणि बाहेर निघून गेले, तुम्हाला ओवाळणीही दिली नाही आणि शालिग्रामजींची तब्येतही विचारली नाही. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. तुम्ही मला काही बोलला नाहीत. आणि त्याही आधी फोनवर तुम्ही रडत असताना यांनी मध्येच फोन ठेवून दिला होता. डॉक्टरांनी हे सगळं तारखांसकट लिहून घेतलं. म्हणाले, यावरून सुरुवात २०२०-२१ मधली ठरते, आणि सुरुवात विसरण्यानं नाही, वागण्यानं झाली. हेच त्यांना पाहिजे होतं.

तुम्ही त्यांना आणखी एक सांगितलं. वर्ध्याला तुम्ही सात वर्षांच्या असताना टायफॉइड झाला, आणि दादा एकवीस दिवस शाळेत गेले नाहीत. आप्पांनी मारलं तरी गेले नाहीत. तुमच्या खाटेशी बसून राहिले. चाळीस वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, "अब आप समझिए, ये आदमी पहले से ऐसा नहीं था."

मी त्यांच्या केबिनमध्ये रडले. पण ते रडणं चांगलं होतं.

आई-आप्पांना किंवा काकांना असं काही नव्हतं, हेही तुम्ही सांगितलंत. त्यामुळे तुम्ही, दुर्वा, गंधार, कोणी फार काळजी करायचं कारण दिसत नाही असं ते म्हणतात. हे तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइड, बी-ट्वेल्व, सगळं ठीक. कधी कधी तेवढ्यानंही माणूस बदलतो आणि औषधानं परत येतो. मी तशी आशा लावून बसले होते, पण तसं निघालं नाही. एमआरआय झाला. डॉक्टरांनी मला स्क्रीनसमोर बसवलं. कपाळामागचा भाग आणि उजव्या कानाकडचा भाग आकसला आहे, घड्यांमधल्या काळ्या फटी रुंद झाल्या आहेत. सीटीत ते तेवढं कळलं नव्हतं. पण आठवणी साठवणारा आतला भाग, तो जवळजवळ तसाच आहे. अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा आधी तोच जातो.

त्यांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया वाटतो. नक्की करायला एक पेट स्कॅन हवा. त्यासाठी आम्ही २६ तारखेला नागपूरला येणार आहोत. सेंटरच्या जवळच लॉज पाहिलं आहे. तुम्ही यावं म्हणून हे लिहीत नाही. तुमच्या गावात येऊन तुम्हाला न कळवता जाणं बरं दिसत नाही, एवढंच.

तुमचे उपकार कसे मानू, मला कळत नाही.

इंदिरा


चेरीताल
५ ऑक्टोबर २०२४

अमिताताई,

सेंटरच्या पायऱ्यांवर तुम्ही दुर्वाला घेऊन उभ्या होतात. मला आधी वाटलं भास होऊन राहिला आहे.

त्या दिवशी नीट आभार मानता आले नाहीत, म्हणून आज लिहिते. या माणसाला सहा तास उपाशी ठेवायचं होतं. आजकाल हे दर अर्ध्या तासाला फ्रिज उघडतात, मला कडी लावावी लागली आहे. सकाळपासून लॉजमध्ये तमाशा चालू होता. सेंटरवर आल्यावर एका पेशंटच्या नातेवाइकाच्या हातातला बिस्किटाचा पुडा यांनी हिसकावला. तो माणूस भडकला. मी माफी मागत होते, आणि तुम्ही काय केलंत? पुडा अलगद काढून परत दिलात, आणि म्हणालात, "दादा, बाहेर गाड्या पाहू, चल."

यांनी तुमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अमे, तू जाडी झालीस."

मला वाटलं, संपलं आता. पण तुम्ही हसलात. इतक्या मोकळेपणी हसलात की काउंटरवरची मुलगीही हसली. म्हणालात, "झालेच आहे. तूच एक खरं बोलतोस."

यांना सध्या गाड्यांचे नंबर मोठ्यानं वाचायचं वेड आहे. जबलपुरात सगळ्या एमपी-वीस, मला ऐकून ऐकून वीट येतो. तुम्ही खिडकीशी उभ्या राहून त्यांच्यासोबत वाचत राहिलात. एमएच एकतीस, एमएच एकोणपन्नास, मध्येच एमएच चाळीस आली की हे टाळी वाजवायचे. दीड तास. यांना भुकेची आठवण झाली नाही. इंजेक्शन देऊन त्यांना अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवायचं होतं, तिथं तुम्ही दाराबाहेरून सांगितलंत, "दादा, पडून राहा, मी इथंच आहे." आणि हे पडून राहिले.

त्या वेळात दुर्वानं मला पोहे खाऊ घातले. मी सकाळपासून खाल्लं नव्हतं हे तिला कसं कळलं कोण जाणे.

रिपोर्ट काल मिळाला. रंगीत चित्र आहे. मेंदू साखर जिथं वापरतो तिथं पिवळा-लाल, जिथं वापरत नाही तिथं निळा. यांचा मागचा भाग उजळ आहे, पुढचा निळा. अल्झायमर असता तर मागचा आणि बाजूचा भाग आधी मंद झाला असता. परीक्षा, एमआरआय, हे चित्र आणि तुमचं बोलणं, चारही एकाच दिशेला जातात असं डॉक्टर म्हणाले. त्या जुन्या गोळ्या त्यांनी एमआरआय पाहूनच बंद केल्या होत्या. आठ दिवसांत फेऱ्या निम्म्यावर आल्या, ओरडणं थांबलं. बेचैनीसाठी एक लहान गोळी दिली आहे. बरं होणार नाही, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. हळूहळू शब्द जातील. मग बाकीचंही.

एवढं वाईट ऐकून बाई काय करेल? मी घरी आले आणि शिरा केला. खरंच सांगते, मला आनंद झाला होता. तो निळा डाग पाहून मला माझा जुना नवरा परत मिळाला. पुढचा नाही, तो जाऊनच राहिला आहे. पण मागची चाळीस वर्षं मिळाली. ती खरी होती. ग्वारीघाटावरून ओल्या धोतरानं परत येणारा तो माणूस खरा होता. हे सुख मला तुमच्यामुळे मिळालं, अमिताताई. तुम्ही सर्वांत आधी पाहिलं. सर्वांत जास्त लागलेलं असूनही पाहिलं.

डॉक्टरांनी एक छापील कार्ड दिलं आहे: "इन्हें दिमाग की बीमारी है. कृपया धैर्य रखें." किराणावाले, दूधवाले, शेजारची ज्योती, सगळ्यांना मी स्वतः जाऊन दिलं. ज्योती तर तीन वर्षं तोंड फिरवून जायची, यांनी तिच्या वजनावरून काहीतरी म्हटलं होतं. कार्ड वाचून म्हणाली, "दीदी, पहले क्यों नहीं बताया?" मी म्हटलं, "मुझे ही कहाँ पता था."

ज्यांना पता होतं त्यांना मी फोनवर काय म्हणाले, ते तिला सांगितलं नाही.

इंदिरा


चेरीताल
१९ जानेवारी २०२५

अमिताताई,

हे पत्र पोस्टात जाणार नाही. तुम्ही बाहेरच्या खोलीत दादांसोबत बसल्या आहात, मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून लिहिते आहे. दहा पावलांवर माणूस असताना पत्र लिहिणारी बाई मूर्खच म्हणायची. पण तुम्ही येऊन अकरा दिवस झाले, रोज ठरवते आज बोलीन, आणि रोज भाजी चिरत बसते.

या अकरा दिवसांत मी काय काय केलं ते आधी सांगते. तीन दुपारी झोपले. मध्ये कोणी उठवलं नाही. मंगळवारी एकटी सदरच्या बाजारात गेले, चष्म्याची काडी दुरुस्त केली आणि मग उगीचच एका दुकानात तासभर साड्या पाहिल्या, घेतली एकही नाही. परत येताना रिक्षात लक्षात आलं की तासभर मी यांचा विचारच केला नव्हता. घरी आले तर तुम्ही दोघं शेंगा सोलत होता. म्हणजे तुम्ही सोलत होता, हे खात होते.

त्यांचे शब्द कमी होत चालले आहेत, तुम्हीही पाहिलं. काल पूर्ण दिवसात नऊ-दहा वाक्यं. तुम्ही डोळे पुसले ते मी पाहिलं. मी पुसत नाही आता, पण तुम्ही पुसलेत म्हणून मला बरं वाटलं. कोणीतरी सोबतीला आहे.

आता मुद्द्याचं.

तेरवीचं तुम्ही दादांना माफ केलंत. सेंटरच्या खिडकीशी उभ्या होतात तेव्हाच मला ते कळलं. मला आनंद झाला, पण पूर्ण नाही. कारण त्यांनी तुम्हाला जे म्हटलं त्याचं कारण सापडलं. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, हे पाहा, इथून आलं. पण मी तुम्हाला फोनवर जे म्हटलं त्याचं काय? माझ्या डोक्याचा फोटो काढला तर सगळं उजळ निघेल. मी शुद्धीवर होते. नवरा गेलेल्या बाईला मी डोकं फिरलं म्हणाले, का तर मला भीती वाटली होती. तुम्ही खरं बोलून राहिल्या आहात हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि म्हणून मी ते बोलले. नुसती चुकले असते तर गोष्ट वेगळी होती. ठाऊक असून बोलले.

त्यात अडीच वर्षं गेली. त्या वर्षांत चुकीच्या गोळ्या पोटात गेल्या, एक थोबाडीत बसली, आणि तुम्ही नवऱ्याशिवायची पहिली दोन वर्षं भावाशिवायही काढली. यातलं एकही मला परत करता येत नाही.

माझ्याजवळ आजाराचं कारण नाही. माफी मागायची तर नुसतीच मागावी लागेल. ती मागते. तुम्ही दिली नाहीत तरी तुम्ही केलंत त्याचे उपकार कमी होत नाहीत, हे मनापासून लिहिते. आणि दिलीत तर दादांच्या माफीत गुंडाळून देऊ नका. ती माझी वेगळी असू द्या.

हा कागद आता तुमच्या हातात देते आणि परत आत येते. लिहून उत्तर नको. चहा ठेवला आहे, आलं घातलं आहे. वाचून झालं की इकडं या, अमिताताई.

तुमची वहिनी